मेखलेवरचा धूमकेतू, पान तीन

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नेमाने रोजनिशी. ही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. अक्षर जरा नीट काढतोय, एवढंच.

नवे मॅनेजर आले. वयाने माझ्या निम्मे, टाय पोटापर्यंत. मी ओळख करून दिली, 'परिभ्रमण' मासिकाचा संपादक, बावीस वर्षं. आपला जो अंतराळयुद्धाचा कॉम्प्युटर गेम आहे, त्या गेमच्या विश्वात इसवी सन ३११४ मध्ये जे वृत्तमासिक निघतं, ते आम्ही इथे दुसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशिनशेजारी काढतो. टायने विचारलं, की आम्ही म्हणजे कोण. मी. बातमीदार अकरा आहेत, पण ते सगळे तिकडचे.

मग त्याने विचारलं, की हे कशासाठी असतं. मी म्हटलं, वाचण्यासाठी. तो म्हणाला, ते कळलं हो, पण कशासाठी?

उद्या सविस्तर टिपण देणार. एका पानात गार करतो.

४ फेब्रुवारी
टिपण झालं नाही. युद्धवार्ताहराचा मजकूर यायचा होता. म्हणजे मी लिहायचा होता.

६ फेब्रुवारी
टिपण दिलं. चौदा पानं. मुख्य मुद्दा कंपनी काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी घालून दिलेला नियम: परिभ्रमणमध्ये छापलं ते त्या विश्वात घडलं. मग गेम लिहिणाऱ्यांनी मुकाट्याने तसंच मानायचं. एकदा मी चुकून एका मंत्र्याला लागोपाठ दोन अंकांत मारलं. कथाविभागाला त्याचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागला. एवढी ताकद कुठल्या खऱ्या संपादकाकडे आहे?

वाचकप्रियतेचाही मुद्दा घातला. 'वाचकांची पत्रं' हे आमचं सर्वांत गाजलेलं सदर. दर महिन्याला सहा पत्रं. ना पाच, ना सात.

१२ फेब्रुवारी
कथाविभागाच्या बाई जिन्यात भेटल्या. मासिक बंद करायचं घाटतंय, तुम्ही मनाची तयारी ठेवा, असं म्हणाल्या. फार मायेने म्हणाल्या. जळतात माझ्यावर. जुळ्या भावाचं अजून विसरलेल्या नाहीत.

१३ फेब्रुवारी
घरी सांगितलं. बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीवर एक्स्पायरी डेट दिसते. तिने विचारलं, किती लोक वाचतात रे हे? मी म्हटलं, नव्वद हजार घरी जातं. ती म्हणाली, मी वाचतात किती ते विचारलं.

मुलगी ताटाकडे बघत जेवत होती. कॉलेजचं दुसरं वर्ष. या पिढीला वाचनाचं वावडंच आहे. माझ्याच घरात दहा वर्षांत परिभ्रमण कोणी उघडलेलं नाही. टीपॉयवर अंक ठेवला की दुसऱ्या दिवशी गायब. रद्दीत टाकत असणार. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मार्ग सापडला! वाचक आहेत, पण सुस्त आहेत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यांचं सगळ्यांत लाडकं काय? मेखला ग्रह. तो जाणार. पूर्ण. धूमकेतूने.

मग बघू टायच्या टेबलावर पत्रांचा ढीग कसा पडतो ते.

१८ फेब्रुवारी
मेखलेवर चार कोटी वस्ती. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं, पण पत्रकाराने भावनेच्या आहारी जाऊ नये. गावांची यादी जुन्या अंकांतून उतरवून काढली: बंदर, जुनी वेधशाळा, तिठा. तिठ्यात एक शाळा पण होती. कधी बांधली होती आपण? आठवत नाही. घातली यादीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार
अंक गेला. पान तीन, आठ कॉलमी: 'मेखला संपली'. रिसेप्शनला सांगून ठेवलं, की फोन लाइन मोकळ्या ठेवा. खुलाशाचा मसुदाही तयार आहे. संयत, करुण, किंचित वडीलधारा.

२७ फेब्रुवारी
एक फोन. पासवर्ड विसरले होते.

३ मार्च
शांतता. लोकांना धक्का बसलेला असणार. दुःख पहिल्यांदा मुकं असतं.

मुलगीही हल्ली माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की उठून जाते. परीक्षेचं टेन्शन. तिला वेळापत्रक आखून देणार आहे, या आठवड्यात नक्की.

७ मार्च
एक पोस्टकार्ड! अंकाचं वेष्टन फाटून आलं, अशी तक्रार. आतल्या अंकाबद्दल काही नाही. वेळापत्रक राहिलं.

१० मार्च, सोमवार
हा दिवस अधोरेखित.

कथाविभागाच्या बाई धापा टाकत आल्या. पुढच्या महिन्यात नवा गेम येतोय, आणि तो सगळाच्या सगळा मेखलेवर घडतो. साठ माणसं, दोन वर्षांचं काम. आज कोणीतरी जाहिरात बघायला अंक उघडला आणि पान तीन दिसलं. म्हणजे अंक निघून पंधरा दिवसांनी! बाई ओरडल्या, की अहो, निदान एकदा विचारायचं तरी होतं. मी शांतपणे म्हटलं, बाई, छापलं ते घडलं.

त्या खुर्चीत मटकन बसल्या. बावीस वर्षांत माझ्या खोलीत कोणी एवढा वेळ बसलं नव्हतं.

१२ मार्च
शुक्रवारी मीटिंग. टायचं म्हणणं असं, की एका जरी वाचकाने हे वाचल्याचा पुरावा असेल, तर नियम पाळावा लागेल, गेम पुढे ढकलावा लागेल, आणि मग मासिक बंद करायची भाषाच करता येणार नाही. नसेल तर प्रश्न मिटला. पुरावा मी आणायचा.

नव्वद हजारांतला एक. त्याला काय लागतंय?

१३ मार्च
पत्र आलं!! टपालाने, टाइप केलेलं, ऑफिसच्या पत्त्यावर. खाली नाव नाही, नुसतं 'तिठ्याच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी'. वरच्या चार ओळी वाचल्या. 'तुम्हाला कोणी अधिकार दिला? तुम्हाला एवढंही आठवलं नाही? लाज वाटते तुमची.' काय भाषा! काय तळमळ! पुढचं मुद्दामच वाचलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ताज्या आवाजात वाचणार.

घरी बायकोला पाकीट दाखवलं. म्हटलं, हा घे माझा वाचक. तिने पाकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, आधी नीट वाच तरी. बायकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही. मुलगी दार लावून अभ्यास करत होती.

१४ मार्च, शुक्रवार
टाय स्लाइड दाखवत होता. तेवढ्यात तालीम म्हणून पत्र मांडीवर उघडून पुढचं वाचलं.

'त्या शाळेत पहिली घंटा अकराला व्हायची. मांजर आणायला परवानगी होती. आणि हजेरीच्या वेळी आपणच उभं राहून सांगायचं, बाई, मी आज आलेली नाही.'

हे मी कधी छापलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वीच्या अंकात एकच ओळ होती: 'मेखलेवर तिठा येथे नवी शाळा सुरू.' मांजर, घंटा आणि हजेरी मी फक्त एकाच माणसाला सांगितली होती. ते माणूस सहा वर्षांचं होतं, अकरा दिवस शाळेत जात नव्हतं, आणि मी सकाळी त्याच्या पायात मोजे चढवताना रोज त्या शाळेची थोडी थोडी गोष्ट सांगत होतो. बाराव्या दिवशी ते शाळेत गेलं.

आणि मी या रोजनिशीत लिहिलं, आठवत नाही.

टाय म्हणाला, आता संपादकांनी सांगावं, एखादं तरी पत्र आहे का. कथाविभागाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पाकीट हातातच होतं. नुसतं टेबलावर ठेवलं असतं तरी जिंकलो होतो. मासिक माझं, नियम माझा. शाळा मात्र कायमची गेली असती.

मी म्हटलं, नाही. एकही नाही.

टाय खूश. म्हणाला, मग साधं आहे, जे कोणी वाचलंच नाही ते घडलं नाही. इतिवृत्तात तसंच नोंदवलं. मेखला शाबूत. मासिक एकतीस तारखेपासून बंद. बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आभार म्हणून ठेवला, की कीव म्हणून, ते विचारलं नाही.

१५ मार्च, शनिवार
सकाळी मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती. म्हटलं, तुला एक बातमी द्यायचीये. तिठ्याची शाळा वाचली. धूमकेतू झालाच नाही, काल अधिकृत ठरलं.

तिने मान वर न करता विचारलं, असं कसं ठरलं?

मी नियम समजावून सांगितला. कोणी वाचलं नाही, म्हणून घडलं नाही.

तिने गॅस बंद केला. एकच कप भरला. मग म्हणाली, पण बाबा, मी वाचलं होतं ना.

आणि कप घेऊन तिच्या खोलीत गेली.

मी ओट्याशी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. वाचकांच्या पत्रांना मी बावीस वर्षं उत्तरं देतोय, दर महिन्याला सहा, एकालाही कधी अडलो नाही. पण ती सगळी पत्रं मीच लिहिलेली होती.