कडी लावून दिलेलं व्याख्यान

१६ जाने. १९५६, सोम.
डॉक्टरांच्या परिषदेचे सेक्रेटरी देशमुख तोंडावर म्हणाले, "बाई, गेल्या साली तुमच्या निबंधाला पहिली रांग घोरत होती. यंदा वाचू नका, बोला." म्हणून ही वही काढली, सराव इथे. विषय: मी सांभाळते त्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत रक्त येतं कुठून. पहिलं वाक्य सुचत नाही.
लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या जमावावर गोळीबार. परळला हॉस्पिटलपर्यंत आवाज.

१७, मंगळ.
सराव नाही. दिवसभर जखमी येत होते, हातगाड्यांवर, दारांच्या फळ्यांवर. एकाला खालचा जबडाच नव्हता. फरशी निसरडी, सिस्टर पडली, उठली, कामाला लागली. पाचला पेढीचं कपाट रिकामं. रक्त द्यायला नेहमी माझगावचे हमाल येतात. कर्फ्यूत कोण येणार? मी एक बाटली दिली. माझा गट ए.
शेवटी आमच्या वॉर्डातल्या आया गंगूबाईची मुलगी सुशी. सतरा वर्षांची. गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. गोळी मांडीत. गट बी.
गंगूबाई दंड पुढे करून, "बाईनू, माजां रगत घेवा. आवस आसंय मी तिची." तपासलं. ए. आईचं असून चालत नाही, हे दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ओरडले तिच्यावर.

१८, बुध.
सर्जन म्हणाले, पट्ट्या दाबून बांधल्यात, रक्त मिळाल्याशिवाय मांडी उघडणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबलो तर पोर जाईल.
अकराला व्याख्यान, कॉलेजच्याच हॉलमध्ये. बाहेरगावचे अडकलेले, त्यामुळे हॉल भरलेला. कागद उलटा ठेवला. म्हटलं, "स्वतःचा रक्तगट माहीत असलेल्यांनी हात वर करा." सगळे रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणारे. चार हात. हशा.
मग सुशीचं सांगितलं. हशा थांबला.
दाराला कडी घातली, पुढे स्टूल टाकून बसले. मांडीवर सुयांचा डबा. "बोट टोचून घेतल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही."
देशमुख: "हे व्याख्यान आहे की दरोडा?"
"दरोडा. डावा हात."
एकाला म्हणे चक्कर येते. पुण्याच्या जोशींचा उपास. एकाने कडीला हात घातला. मनगटावर डबा हाणला. जोरात. माफी मागितली नाही.
इतक्यात चौकात गोळ्या, मग दगड. खिडकीची काच फुटून आत. देशमुखांचं कपाळ फाटलं. तेच रक्त स्लाइडवर घेतलं. बी.
"आता घ्याच, बाई," म्हणाले, आणि टेबलावर आडवे झाले.

१८, दुपार
हॉलमध्ये बी निघाले चार. ओ निघाले ते सगळे आधीच्या जखमींना गेले. तिघांनी दिलं. चौथे जोशी. "अशक्तपणा येईल हो. घरी विचारायला हवं." त्यांना ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर गंगूबाईशेजारी नेऊन बसवलं. तिला सांगितलं हे कोण. ती त्यांच्याकडे बघत राहिली.
१-५०. थिएटरला दिलं: बी, जुळवणी करून. सही सिस्टरची. मांडी उघडली आहे.
सर्जननी मागितल्या चार बाटल्या. दिल्या तीन.