फुटलेल्या पृथ्वीचे नऊ गुन्हेगार

ती. बुरुलताईस,

धाकट्या तोकतोसुनचा वाकून सलाम. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तांबडी घोडी, तिघांचं (याच क्रमाने) बरं असेल अशी आशा. इथे अत-बाशीत बर्फ वितळलंय, चिखल भरपूर आहे आणि मी धडधाकट आहे. म्हणजे शरीराने.

माझ्या ‘सचोटीच्या तासा’चं कौतुक नारीनच्या तुझ्या शिक्षण कार्यालयापर्यंत पोचलं म्हणे. आता खरं काय झालं ते ऐक. त्या दिवशी मुलं यायच्या आधी वर्गात गांधीलमाशी शिरली. मी छडी फिरवली. माशी वाचली, नवा पृथ्वीगोल टेबलावरून पडला आणि त्याची दोन शकलं झाली. (आपला देश कुठल्या शकलात गेला, ते पाहायचाही धीर झाला नाही.) नेमका पहिलाच तास सचोटीचा. मी, मूर्खाने, तिसरीच्या पोरांना विचारलं की हे कोणी केलं? कबूल करेल त्याला शिक्षा नाही, उलट बिल्ला. वाटलं, कोणी बोलणार नाही, मी चार शब्द सुनावीन आणि प्रकरण मिटेल. तर नऊ जण उठले! एकाने तर मागच्या वर्षीही आपणच फोडला होता, असं सांगितलं. (गोल आला या हिवाळ्यात.) जो सर्वांत छान रडला, त्याला बिल्ला दिला.

मग सेझिम उठली. आजीजवळ राहणारी, बारीक आवाजाची पोर. म्हणाली, “गुरुजी, यांच्यापैकी कोणीच नाही. माशीला मारताना तुमच्याच हातून पडला. मी दारात होते.”

वर्ग हसला. मीही हसलो, ताई. आणि “मोठ्यांवर आळ घेतेस?” म्हणून तिला तासभर कोपऱ्यात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तिची आजी कुरुताची, वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची, पुरचुंडी घेऊन शाळेत आली. “पोर खोटं बोलली, गुरुजी. पोटात घाला. आता नाही बोलणार.” सेझिम खाली बघून म्हणाली, “मी खोटं बोलले.” तिचं ते पहिलं खोटं, आणि ते मी शिकवलेलं. आणि मी कुरुत खाल्लं. तीन गोळ्या.

तुझा अपराधी भाऊ,
तोकतोसुन

ता. क. शिक्षकांच्या मेळाव्यात सचोटीवर भाषण करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढ. कारण विचारलं तर दमा सांग.

ता. ता. क. दमा सांगू नकोस. पत्र टाकण्याआधी आजीकडे जाऊन सगळं कबूल करून आलो. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. “पोरीला वाचवायला स्वतःवर घेताय! असे गुरुजी आता कुठे मिळतात?” सेझिम म्हणाली, “आजी, गुरुजी खरं बोलताहेत.” “परत?” असं म्हणून आजीने तिलाच दटावलं. ताई, रविवारी तूच ये आणि आजीला खरं काय ते पटव. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तिच्यावर ठेवू नये हे मी सगळ्यांना शिकवून बसलोय.