माणूस म्हणजे नेमका कोण

तीर्थरूप मामांना,

थोरल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली, उरलेली दोन मनाने टेकली असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? मामींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे आईने माझ्याशी अबोला धरलाय, आणि तुमची माफी मागणारं पत्र लिहून तिला वाचायला दिल्याशिवाय ती काही तोंड उघडायची नाही. तेव्हा हे माफीचं पत्र आहे. पुढे वाचताना कुठे तसं वाटलं नाही, तर पुन्हा वर येऊन हे वाक्य वाचावं.

लाँड्रीतल्या नव्या यंत्रांच्या उद्घाटनाच्या दिवशी मी चारचौघांत, हॉस्पिटलच्या अधीक्षकबाईंच्या देखत, तुम्हाला बोलले ते चुकलंच. वडीलधाऱ्यांना चारचौघांत बोलू नये, घरात दार लावून बोलावं. पण ही गोष्ट तुम्ही नातेवाइकांत जशी सांगत फिरताय तशी ती झालेली नाही. (तुमच्या गोष्टीत मी तासभर ओरडते आणि तुम्ही खाली मान घालून गप्प ऐकता, म्हणे. तुम्हाला ओळखणाऱ्या एकालाही हे पटलेलं नाही.)

बाबांनी लाँड्री सुरू केली तेव्हा बॉयलर तुम्ही भेट दिलात, हे मी कधीच विसरणार नाही, कारण दर दोन महिन्यांनी तुम्ही आठवण करून देता. बॉयलर भेट आणि त्यात जाळायचं तेल तुमच्याच एजन्सीचं. म्हणजे गाय दान द्यायची आणि चारा जन्मभर आपल्याच दुकानातून घ्यायला लावायचा, असं ते दान. बाबा भोळे होते. त्यांना धुराड्यातून धूर निघताना दिसला की धंदा चाललाय असं वाटायचं. बाबांमागे मीही इतकी वर्षं तेच तेल जाळलं, कुरकुर केली नाही. हॉस्पिटलच्या चादरी उकळत्या पाण्याशिवाय निघत नाहीत आणि पाणी उकळायला तेल लागतं, यापुढे माझी अक्कल गेलीच नाही.

ती गेली गेल्या उन्हाळ्यात. इस्त्रीखान्यात तसंही उकडतंच, पण त्या दुपारी बाहेर आणि आत सारखंच झालं होतं, खिडकी उघडली की झळ आत यायची आणि बंद केली की आतली आतच कोंडायची. आपल्या इस्त्रीवाल्या मावशी तापलेल्या रोलरवर चादर सोडता सोडता चक्कर येऊन पडल्या, त्या थेट रोलरवर. हात कोपरापर्यंत भाजला. ज्या हॉस्पिटलच्या चादरी त्यांनी आयुष्यभर इस्त्री केल्या, त्यातल्याच एका चादरीवर त्यांना झोपवलं होतं. तुम्ही त्यांना बघायला आलात, सफरचंदं आणलीत, त्यांच्या उशाशी बसलात, हे मी मान्य करते. पण उठताना तुम्ही म्हणालात, "ऊन काय, पूर्वीपासूनच पडतंय." मावशींनी तोंड भिंतीकडे वळवलं. मामा, पूर्वीपासून पडतंय ते नुसतं ऊन. आता पडतंय ते ऊन अधिक आपण. ज्यांना हे कळत नाही त्यांचा मला राग येत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही रोज तेच पेपर वाचता, वर चष्मा पुसून आम्हालाही वाचून दाखवता, आणि मग टँकर भरायला जाता.

म्हणून मी लाँड्री बदलायला घेतली. छपरावर सौर पॅनल, हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारा विजेचा हीट पंप, विजेवरचा रोलर, आणि सुकवण्यासाठी अंगणात दोऱ्या. (दोऱ्यांना तुम्ही "मागासलेपणा" म्हणालात. फुकटच्या उन्हात कपडे वाळवणं मागास आणि तेल जाळून वाळवणं पुढारलेलं, हे गणित मला शाळेत असताना शिकवलं असतंत तर मी तेव्हाच नापास झाले असते.) शिवाय तुम्ही विचारलंत की रात्रीची वीज तरी कुठून येते, कोळशातूनच ना. येते, कबूल. म्हणून काय दिवसाही तेल जाळायचं? एक पाय मोडला म्हणून शोभेसाठी दुसराही मोडून घ्यायचा, असा हा न्याय झाला. नवं यंत्र थोड्या विजेत भरपूर पाणी तापवतं हे मी तुम्हाला तीनदा समजावलं, तिन्ही वेळा तुमचा फोन वाजला.

दोन महिने चादरी बिनतक्रार धुऊन निघत होत्या. मग उद्घाटन ठरलं. पुढचं काम द्यायचं की नाही हे अधीक्षकबाई पाहून ठरवणार होत्या, आणि आमच्याकडच्या सगळ्यांची रोजीरोटी त्यांच्या मान हलवण्यावर होती. अंगणात खुर्च्या, मागे दोऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. आणि तुम्ही काय केलंत? ऐनवेळी पाहुण्यांसमोर पाणी कोमट निघालं तर भाचीचं नाक कापलं जाईल, या काळजीपोटी कुणालाही न विचारता जुन्या बॉयलरवाल्याला बोलावून बॉयलर पेटवायला लावलात. नाक राहिलं मामा, त्यावर काजळी तेवढी बसली. दोन महिने थंड पडलेल्या धुराड्यात जे काही साचलं होतं ते एकदम वर गेलं आणि, वर जाऊन करणार काय, खाली आलं. चादरींवर, खुर्च्यांवर, अधीक्षकबाईंच्या पांढऱ्या कोटावर.

हे सगळं होत असताना माइकवर कोण होतं? घरातले वडीलधारे म्हणून तुम्ही. आणि तुमची पाठ धुराड्याकडे. तुम्ही मोठ्या तळमळीने सांगत होतात की ही जी पृथ्वी तापतेय त्याला माणूसच जबाबदार आहे, आणि माणसानेच आता जागं व्हायला हवं. समोरची माणसं तोंडावर रुमाल धरायला लागली, तेव्हा तुम्हाला वाटलं भाषण काळजाला भिडलंय, म्हणून आवाज आणखी चढवलात. अधीक्षकबाईंनी बाहीवरची काजळी झटकली, ती आणखी पसरली, आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "माणूस म्हणजे नेमका कोण?"

मी म्हणाले, "हे. माझे मामा."

एवढंच. ओरडले नाही. "आणि मीसुद्धा" असं पुढे म्हणणार होते, पण तोवर तुम्ही माइक खुर्चीवर आपटून चालू लागला होतात. मला या "माणूस जबाबदार आहे"चाच संताप आहे. माणूस जबाबदार आहे हे सगळ्यांना मान्य असतं, कारण माणूस नावाचा कुणी आपल्या घरात राहत नाही. तो लांब कुठेतरी राहतो, मोठ्या गाडीतून फिरतो. आपण फक्त एजन्सी चालवतो, आपण फक्त लाँड्री चालवतो.

तुम्ही गेल्यावर मावशींनी पदर खोचला, भाजलेल्या हाताने पहिली चादर दोरीवरून ओढली, आणि मग आम्ही सगळ्याच कामाला लागलो. अधीक्षकबाई घरी गेल्या नाहीत. कोट काढून ठेवून यंत्राशी उभ्या राहिल्या, बॉयलर विझवलेला आहे ना हे त्या खोलीच्या खिडकीतून डोकावून स्वतः पाहून आल्या, मग पाण्यात बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी पुन्हा पांढऱ्या झाल्या. काम त्यांनी आम्हालाच दिलंय. तुमच्या भाषणाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, कोट मात्र धुवायला आमच्याकडेच ठेवून गेल्या.

तर मी तुमची मनापासून माफी मागते, चारचौघांत बोलल्याबद्दल. बोललेल्या शब्दांबद्दल नाही.

मामींना नमस्कार, खोकल्याला आराम पडो.

तुमची भाची

ता. क. काम देताना अधीक्षकबाईंनी एकच अट घातली आहे: बॉयलर जागेवरून हलला पाहिजे. भंगारवाला पुढच्या आठवड्यात येतोय. पण त्या दिवशी जाताना तुम्ही बॉयलरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घालून गेलात. ती पाठवावी. पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

ता. क. दोन. हे आईने वाचलं. तिला खाली स्वतः काही लिहायचंय, म्हणून पेन तिच्याकडे देते.

अरे, हिने माफी नीट मागितलेली नाही हे मला दिसतंय. मी तिला पुन्हा लिहायला सांगणार होते, पण राहू दे. लहानपणी चुलीचा धूर डोळ्यात गेला की तू रडत माझ्याकडे यायचास, "ताई, फुंकर मार" म्हणायचास, आणि मी मारायचे. आता माझ्या फुंकरीने भागायचं नाही. किल्ली घेऊन तूच ये, जेवायलाच ये. येताना टँकर आणू नकोस.