तुलनेचं रक्त

प्रिय ढापण्या,

हे नाव वाचून दचकलास ना? आता तू लॅबवाले साहेब. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. तुला ढापण्या म्हणायची हिंमत कोण करणार? पण मी दुसरं काय म्हणू? तू ढापण्या होतास आणि मी माशी. फळमाश्यांच्या प्रॅक्टिकलला माझ्या माश्या कधी धड बेशुद्ध व्हायच्याच नाहीत, भिंगाखाली घेतल्या की भुर्रकन उडायच्या आणि थेट सरांच्या चहात, म्हणून तूच ठेवलेलं नाव. तर माशी परत आली आहे बाबा. घाई करू नकोस, सावकाश वाच. तुझ्या हातात आत्ता बराच मोकळा वेळ आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुला वाटत होतं की मी बदली घेऊन गेले ती कायमचीच. तशी गेलेच होते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच कॉलेजात परत आले, आपलीच प्रयोगशाळा, आपलंच खिडकीजवळचं टेबल. तू स्पिरिटचा दिवा उलटवून केलेला काळा डाग अजून आहे, त्याच्यावर आता मुलं डबे ठेवतात. जाड भिंगवाले सर गेले, ते ऐकलं असशीलच. त्यांचा शिरस्ता मात्र मी मोडू दिलेला नाही. कोणाचाही छापील रिपोर्ट आणा, आमच्या टेबलावर तो चालत नाही. बोट टोच, रक्त काढ, जेलच्या खाचेत भर, वीज सोड, रेघा डोळ्यांनी बघ, मग बोल. आणि शेजारच्या खाचेत तुलनेचं रक्त हवंच, म्हणजे ज्याच्याबद्दल आधीपासून खात्री आहे असं. त्याच्याशिवाय जेल लावणं म्हणजे अंधारात रंग ओळखणं, असं सर ओरडायचे. आठवतं का रे? तुला आठवत असणारच, तुलनेच्या रक्ताशी तुझं तर फारच सख्य होतं.

तुझी लेक माझ्या वर्गात आहे. पहिल्याच तासाला ओळखलं मी तिला. मनगटानं चष्मा वर ढकलते, हुबेहूब तू. मी काही बोलले नाही. का बोलू? पोरगी गोड आहे, हुशार आहे, आणि प्रश्न विचारून विचारून जीव खाते. तिच्याशेजारी बसणारा तो मुलगा, ज्याला तू घरात ‘टायरवाल्याचा’ म्हणतोस, तोही बरा आहे. त्याच्या हाताला रबराचा वास येतो, पण पिपेट धरतो तेव्हा थेंब हलत नाही. तुझ्या हाताची आठवण झाली. तुझाही थेंब कधी हलायचा नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी ती माझ्याकडे आली. वर्ग सुटला होता, मी काचेच्या पट्ट्या धूत होते. दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, एक चौकट समजावून सांगाल? मी म्हटलं, अगं, शेवटच्या वर्षाला आलीस आणि चौकट समजावू? तेव्हा तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. चार घरं. डावीकडे ती, वर तो मुलगा, दोघंही सिकल सेलचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्ताचा आजार पुढे देणारे. पहिलं घर निरोगी, मधली दोन आईबापांसारखी वाहक, आणि चौथं घर आजारी. चौथ्या घरात तिरक्या रेघा भरलेल्या, वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खाली, एकमेकींना न चिकटता. त्या रेघा मारताना तू जीभ दातात धरतोस. कागदावर ती जीभ मला दिसली. मी पट्टी खाली ठेवली, नाहीतर फुटली असती.

सोबत तुझ्या लॅबचे दोन रिपोर्ट होते, शिक्का, सही, सगळं कसं झकास. ती म्हणाली, बाबा रडले हो मॅडम. म्हणाले, माझ्याकडूनच आलं गं तुला, मला कॉलेजात असतानाच कळलं होतं. आणि मग ती पोटावर हात ठेवून माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. अशा वेळी बाईला विचारावं लागत नाही. तिनंच सांगितलं की बाबांनी दवाखाना ठरवलाय, सोमवारची वेळ घेतलीय, फक्त मॅडम, ते चौथं घर नक्की किती खरं असतं, तेवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आता तुला एक गंमत सांगते. मला तुझी दया आली. खरंच! मला वाटलं, बिचारा, त्यानं जन्मभर ते ओझं वाहिलं आणि आता लेकीच्याही पदरात पडलं. इतकी मी मूर्ख. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काय वाटलं तेही सांगते, लपवत नाही. वाटलं, होऊ दे. माझं गेलं, त्याच्या लेकीचंही जाऊ दे. त्यालाही कळू दे घर रिकामं म्हणजे काय असतं. ती पोर माझ्यासमोर ओठ चावत बसली होती आणि मी हे मनात घोळवत तिला पाणी देत होते. मी काही देवमाणूस नाही. तू तरी मला तसं कधी समजला नाहीस.

पण सरांचा शिरस्ता. छापील रिपोर्ट आमच्या टेबलावर चालत नाही. म्हटलं, उद्या दोघं या, दवाखान्यात जायच्या आधी आपल्या डोळ्यांनी बघू. आले बिचारे, हात धरून. बोटं टोचली. आणि मग लक्षात आलं की तुलनेचं रक्तच नाही. हॉस्पिटलमधून येणारी बाटली प्रॅक्टिकलपुरती येते, ती केव्हाच संपलेली. वाहकाचं रक्त आता कुठून आणू? मग म्हटलं, अगं बये, तू काय मेलीस? तू स्वतःच वाहक आहेस की! आयुष्यभर वाहक. इतकी वर्षं हेच प्रॅक्टिकल शिकवते, पण स्वतःचं रक्त कधी लावलं नाही. सहकारी हसायचे, दर वेळी हॉस्पिटलला काय अर्ज करता म्हणून. त्यांना काय सांगू? त्या दोन रेघा पुन्हा बघायच्या नव्हत्या मला. एकदा बघितल्या होत्या, पुरे होतं. त्या दिवशी मात्र तुझ्या लेकीसाठी बोट पुढे केलं. तिनंच टोचलं. अलगद टोचलं रे, बापापेक्षा हात हलका आहे तिचा.

पहिल्या खाचेत ती, दुसऱ्या खाचेत तो, तिसरीत मी. वीज सोडली. रक्त आपलं आपण लाल, सरकताना दिसतं, ते तुला नव्यानं सांगायला नको. साध्या माणसाची एक रेघ पुढे जाते. वाहकाच्या दोन होतात, एक पुढे, एक मागे रेंगाळते. आम्ही तिघं डोळे लावून बसलो. तिघांची एकेक रेघ. एकाच जागी, नीट पुढे गेलेली. मागे काहीच नाही.

मी म्हटलं, जेल बिघडलं. तुलनेच्या रक्ताच्याच दोन रेघा आल्या नाहीत म्हणजे सगळंच फुकट, दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी स्वतः हॉस्पिटलात गेले, हातापाया पडून बाटली आणली, आमचं तिघांचं रक्त नव्यानं घेतलं आणि चौथ्या खाचेत ते बाटलीतलं घातलं. बाटलीतल्या रक्ताच्या दोन रेघा आल्या, ठसठशीत. जेल उत्तम होतं. आमच्या तिघांच्या मात्र पुन्हा एकेकच. तुझी लेक आनंदानं ओरडली आणि त्या मुलाच्या गळ्यात पडली. मी स्टुलावर बसले. ती विचारत राहिली, मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

तेव्हा मला आपलं कॉलेजातलं ते जेल दिसलं, ढापण्या. लख्ख दिसलं. त्या महिन्यात मला स्पिरिटच्या वासानंही उलटी यायची, मी तुला नुकतंच सांगितलं होतं की मला दिवस गेलेत. तू म्हणालास, तू बस खिडकीत, मी भरतो खाचा. किती कौतुक वाटलं होतं मला तुझं! तिन्ही खाचांत दोन दोन रेघा आल्या, तुझ्या, माझ्या आणि तुलनेच्या. सर भिंग लावून म्हणाले, वा, काय सुबक आलंय, अगदी एका साच्यातून काढल्यासारखं. माणसामाणसात त्या मागच्या रेघेची जाडी थोडीफार वेगळी असते, हे मी आज पोरांना दरडावून शिकवते. तिन्ही रेघा तंतोतंत सारख्या होत्या. तिन्ही तुलनेच्याच बाटलीतल्या होत्या ना! आणि मी, वर्गात पहिली येणारी मी, खिडकीत बसून ओढणीत तोंड खुपसून रडत होते.

मग कँटीन. बिलाच्या पाठीवर तीच चौकट, त्याच तिरक्या रेघा. तू म्हणालास, चौथ्या घरातल्या मुलाला रात्रंदिवस हाडं ठणकताना बघवेल का तुला? मला नसतं बघवलं. मग तो दवाखाना, हिरव्या रंगाचा बाक, तुझ्या मांडीवर माझी पिशवी आणि हातात मासिक. मी बाहेर आले, भिंतीला धरून. तू मासिकातून मान वर केलीस आणि विचारलंस, झालं? बँकेतून स्लिप घेऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं. मी म्हटलं, झालं. आणि रिक्षात मीच तुला समजावत होते, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून. दोन वाहकांनी लग्न करू नये, विज्ञानापुढे आपलं काय चालणार, असं म्हणून तू गेलास तेव्हाही मी तुझेच डोळे पुसले. लॅबवाल्याची मुलगी तुला आधीच सांगून आली होती, हे मला पत्रिका हातात पडल्यावर कळलं. तरीही मी तुला दोष दिला नाही. म्हटलं, निदान त्याची मुलं तरी धडधाकट होतील.

मला दोन स्थळं आली होती. मी दोघांनाही खरं सांगितलं, अंगात खोट आहे म्हणून. पहिल्याची आई चहाचा कप अर्धा टाकून उठली. दुसरा फार चांगला होता रे. तो म्हणाला, असू दे. मी म्हटलं, नाही, आधी तुमचं रक्त तपासा. त्याला तो अपमान वाटला, आणि तो परत आलाच नाही. परवा भाजी घेताना दिसला, कडेवर नात होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. माझ्या अंगात काही खोट नव्हती. माझं रक्त स्वच्छ होतं, तुझंही असणारच, आणि जे बाळ आपण टाकून आलो तेही स्वच्छ होतं. तू हे जाणत होतास. मासिक वाचताना जाणत होतास.

आता मुद्द्याचं. तू आत्ता त्याच दवाखान्यात बसला आहेस. बाकाला रंग नवा दिला असेल, बाक तोच आहे. हे पाकीट ज्या बाईनं तुझ्या हातात दिलं ती माझी जुनी विद्यार्थिनी. दाराकडे बघू नकोस, तुझी लेक येणार नाही. लग्नाची नोटीस त्यांनी महिन्यापूर्वीच गुपचूप दिलेली होती, सकाळीच दोघांनी नोंदणी करून लग्न केलं, साक्षीदार म्हणून मी सही केली. सोबत जेलचा फोटो आहे, खाचा डावीकडून मोज: लेक, जावई, मी आणि बाटली. दुसरी प्रत तुझ्या बायकोच्या हातात पोचली असेल, कारण शिक्का तिच्या वडिलांच्या लॅबचा आहे, तिला कळायला हवं. लेकीला मी सगळं सांगितलं, बाकासकट. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं की तुमचं बाळ आज केवढं असतं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, माझं बाळ पहिल्यांदा तुम्ही घ्यायचं मॅडम, बाबांना त्याचं तोंडही दिसणार नाही. तुला हे कळवू नका म्हणत होती. मीच म्हटलं, तेवढं मला करू दे. तर बैस निवांत, शेजारी मासिकं ठेवलेली असतील. तू हे वाचून मान वर केलीस की काउंटरवरची ती बाई तुझ्याजवळ येईल आणि विचारेल, झालं? घाबरू नकोस, तिला काही माहीत नाही. मीच तिला तसं विचारायला सांगितलं आहे.

तुझीच,
माशी