बाबांचा लोकरी कोट आणि माझी हिरवी ट्रंक

मी, कोल्बी ऑरिन प्रुइट, राहणार सॅमन, आयडाहो, सध्या मुक्काम डच हार्बर, अलास्का, धंदा खेकड्यांच्या बोटीवर खलाशी, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, आणि कोणी मानगुटीवर बसून लिहवून घेत नाही. शाळा अर्ध्यात सुटली, त्यामुळे माझं अक्षर आणि कायदा दोन्ही कच्चे आहेत. कायद्याची वाक्यं बोटीवरचा स्वयंपाकी रोहेलियो बालुयुत याने सांगितली, बाकीची माझी.

हंगामाआधी आमचे कप्तान प्रत्येकाकडून असा कागद घेतात. उद्या बोट सुटते. मागे मी तेलाच्या विहिरीवर होतो, त्याआधी लाकूडतोडीला, त्याआधी कुठे कुठे. तिथे कोणी मागितला नव्हता.

कलम १. माझा देह मिळाला तर बाबांच्या शेजारी ठेवावा. समुद्राने ठेवून घेतला तर रिकामी पेटी पुरू नये. आईने एकदा पेटी बघितली आहे, तेवढी पुरे.

कलम २. बँकेत जे असेल ते माझी आई नोरीन प्रुइट हिचं. ट्रक आणि रायफल माझी धाकटी बहीण शेलबी हिची. ट्रकचा दुसरा गिअर अडतो. क्लच पूर्ण दाबावा, शिव्या देऊन उपयोग नाही, मी देऊन बघितल्या आहेत.

कलम ३. घोड्यांना नाल मारायची माझी हत्यारं ड्वेन काकांना द्यावीत. घोड्यांच्या बाबतीत त्यांच्यासारखा माणूस आमच्या खोऱ्यात नाही, हे मी लेखी मान्य करतो. बाकीच्या बाबतीत जे आहे ते पुढे येईल. अट एकच, ती कलम ६ मध्ये.

कलम ४. शेडमधली हिरवी पत्र्याची ट्रंक आणि तिच्यातले शिकारीचे सगळे कपडे शेलबीचे. किल्ली ट्रंकेलाच बांधलेली आहे.

इथे रोहेलियो हसायला लागला. "अरे, माझ्या आजोबांनी मृत्युपत्रात नारळाची बाग दिली. तू चड्ड्या देतोस?"

"चड्ड्या नाहीत, लोकरीच्या विजारी आहेत."

"मग काय बाबा, मोठीच इस्टेट!"

म्हणून कारण लिहून ठेवतो. शेलबीला यंदा सोडतीत एल्कचा परवाना लागला आहे. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरिण. ते एकट्याला एका खेपेत आणता येत नाही, आणि ते ज्या डोंगरात आहे तिथून रस्त्यापर्यंत यायला पूर्ण दिवस जातो. याच डोंगरात बाबा गेले.

बाबांनी एल्क दुपारी उशिरा पाडला. मांस कापून पिशव्यांत भरलं, झाडाला टांगलं, एक खेप पाठीवर घेतली. उरलेल्याला रात्री अस्वल किंवा लांडगे लागू नयेत म्हणून आमच्याकडे माणसाच्या घामाचं एखादं कापड तिथे अडकवून येतात. वास आला की जनावर जरा लांब राहतं. रीत अशी की अंगालगतचा सदरा ठेवायचा. पण त्यासाठी वाऱ्यात उघडं व्हावं लागतं. बाबा काम करून तापलेले होते, वर ओझं. कोट नको झाला असेल. त्यांनी कोट काढून अडकवला आणि सुती सदऱ्यावर निघाले. खिंडीत बर्फमिश्रित पाऊस लागला. जरा टेकावं म्हणून बसले असतील. ओझ्यासकट बसलेलेच सापडले.

मांसाला कशाचंही तोंड लागलं नव्हतं. आईने हिवाळाभर ते शिजवून आम्हाला वाढलं. ती स्वतः बटाटे खायची.

म्हणून ट्रंकेतला प्रत्येक कपडा मी एकच प्रश्न विचारून घेतला आहे: ओला झाल्यावर हा काय करील? कोरडे असताना सगळेच कपडे चांगले वागतात.

अंगालगत मेंढीच्या बारीक लोकरीचा सदरा आणि विजार. लोकर ओली झाली तरी ऊब टिकवते. तिच्या आत सुती काही म्हणजे काही घालायचं नाही. सुती कापड पाणी धरून बसतं आणि वारा लागला की अंगातली ऊब त्याच पाण्यातून निघून जाते.

त्यावर फ्लीसचा पातळ स्वेटर. पण चढायला लागताना तो पाठीवरच्या पिशवीत. शेलबी, ट्रकमधून उतरल्यावर तुझे दात वाजले पाहिजेत. नाही वाजले तर एक कपडा जास्त झालाय, काढ. सगळं घालून चढतात ते माथ्यावर भिजलेले पोचतात, आणि माथ्यावर तर दुर्बीण लावून तासन्‌तास बसायचं असतं.

फुगीर जॅकेट थांबल्या थांबल्या घालायचं, थंडी वाजायची वाट न बघता. त्याच्या आत कारखान्यातलं भरण आहे, बदकाची पिसं नाहीत. काकांचं पिसांचं आहे. पावसात त्याची भिजलेली कोंबडी होते, मी बघितली आहे.

सगळ्यावर पावसाचं पातळ जॅकेट, काखेत चेनी असलेलं. चढावर चेनी उघड्या ठेव. इथे बोटीवर आम्ही रबरी कोट घालतो. समुद्र बाहेर राहतो, पण आतला माणूस स्वतःच्या घामात शिजतो. इथे ते चालतं, कारण खाली उबदार खोली आहे आणि रोहेलियोचं आल्याचं सूप आहे. डोंगरात खोली नाही.

कपड्यांवर पानाफांद्यांचं चित्र नाही म्हणून काका हसतील. हसू देत. एल्क नाकाने शिकारी ओळखतो, त्याला चित्र दाखवून उपयोग नाही. नारंगी टोपी मात्र घाल. ती एल्कसाठी नाही, काकांच्या मित्रांसाठी आहे, त्यांनी तुला हरिण समजून गोळी घालू नये म्हणून.

कलम ५. बाबांचा कोट. लाल-काळ्या चौकड्यांचा, डाव्या बाहीला रक्ताचा डाग. शोधपथकाने तो माझ्या हातात दिला आणि आई म्हणाली, तुझा आहे. मी तो तिच्या मागच्या दाराशी खुंटीला लावून कामावर निघून गेलो. तेव्हापासून तिथेच आहे.

ड्वेन काका दरवर्षी तो मागतात. त्यांना तो गावातल्या बारच्या भिंतीवर हवा आहे, शिंगांच्या खाली. हंगाम सुरू झाला की ते तिथे बाबांची गोष्ट सांगतात. मी एकदा ऐकली आहे.

"तोळाभर मांस वाया जाऊ दिलं नाही माझ्या भावाने!" असं म्हणून त्यांनी ग्लास आपटला. "याला म्हणतात शिकारी!"

मी म्हटलं, "काका, मांस आलं. बाबा नाही आले."

"तू गप रे. एका जागी महिनाभर टिकत नाहीस, तू मला शिकवणार?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते नंतर बाहेर घोड्याच्या मानेत तोंड घालून बराच वेळ उभे होते, हेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल.

मागच्या रविवारी शेलबीचा फोन आला.

"दादा, काका मला घोड्यावरून वर नेतायत!"

"बरं झालं की."

"पण बदल्यात कोट मागतायत."

"आई काय म्हणते?"

"आई काय म्हणणार? खुंटीकडे बघते नि भांडी घासते. दादा, देऊन टाकू का रे? नुसता लटकून तर आहे. मला जायचंय."

"नको देऊस."

"मग तू ये ना मला न्यायला!" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी येऊ शकत नाही. म्हणून ठरवून लिहितो: कोट शेलबीचा. भिंतीवर लावायचा नाही आणि अंगातही घालायचा नाही. गुंडाळून पिशवीला बांधून वर न्यायचा. एल्क पडला, मांस टांगून झालं, की हा कोट शेजारच्या फांदीला अडकवायचा. हेच एक कापड मागे राहील. बाकी तुझ्या अंगावरचं काही, हातमोजासुद्धा, तिथे ठेवायचं नाही. मांस सगळं खाली आलं तरी कोट आणू नये. लोकर आहे, डोंगर हळूहळू जिरवील. एल्क मिळालाच नाही तर कोट परत आणावा आणि पुढल्या वर्षी पुन्हा न्यावा.

कलम ६. ट्रंकेत तळाशी कपड्यांचा दुसरा जोड आहे, तो आईचा. आई, बाह्या दुमडाव्या लागतील. लग्नाआधी तू याच डोंगरात खेचरांवरून शिकाऱ्यांचं सामान न्यायचीस. शेलबीला हे माहीत नाही, मला बाबांनी सांगितलं होतं. आभाळ बघून खिंडीतून कधी मागे फिरायचं हे तुझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं ते म्हणायचे. यंदा शेलबीला तूच खेचर घेऊन वर ने. ड्वेन काकांनी हत्यारं घ्यायची ती याच अटीवर, की आईच्या खेचराला या हंगामात नाल मारून द्यावेत. काका चिडतील आणि नाल मारतील. दोन्ही करतील.

रोहेलियो म्हणतो, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच चालतं. मग कलम ४, ५ आणि ६ यांचा फोटो मी आत्ताच शेलबीला पाठवत आहे. मी गेलो तर कायदा म्हणून पाळा. परत आलो तर दादाचं ऐकलं म्हणून पाळा.

शेलबी, मांस एखादी खेप कमी आलं तरी चालेल. तू सगळे कपडे अंगावर घेऊन खाली ये.

लिहून देणार: कोल्बी ऑरिन प्रुइट (सही)

आमच्या देखत सही केली, शुद्धीत होता:
१. इंगवाल्ड सेत्रे, कप्तान (सही)
२. रोहेलियो बालुयुत, स्वयंपाकी (सही). हसलो होतो, ते मागे घेतो.

स्थळ: डच हार्बर, अलास्का
तारीख: १२ ऑक्टोबर २०२३