तक्त्यावरची शीग

सांगली, डिसेंबर १९४७

प्रिय मानसिंग,

तू न भेटता गावी निघून गेलास, त्याला महिना होत आला. तुझी वहिनी हरणाबाई रोज विचारते, "भाऊजींना पत्र टाकलं का?" मी म्हणतो, उद्या. काल तिनं दौत आणि टाक माझ्या पुढ्यात आणून आदळले आणि म्हणाली, "आवं, बाजारात तर तोंड मिटत न्हाई तुमचं, आन हितं काय झालं?" म्हणून बसलोय. कृष्णेचं पाणी उतरलंय, दांडेलीहून सागाचे नवे ओंडके आलेत, करवत दिवसभर चालू असते. बाकी ठीक आहे असं लिहिणार होतो. पण ठीक नाही.

तुला ठाऊक आहे, मी मूळचा मापाडी. पेठेत एका दुकानी जोंधळ्याच्या राशीपुढं मांडी घालून 'लाभ, दोन, तीन' म्हणत पायली भरायचो. पायली भरत आली की पडणाऱ्या दाण्यांचा आवाज बदलतो. डोळे मिटूनही मला कळायचं. आणि भरली म्हणून मी कधी हात आखडला नाही. वर राहतील तेवढे दाणे टाकून शीग चढवायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, नानाचं माप कवा खोटं निघायचं न्हाई. त्या शिगेवर माझं स्वतःचं दुकान झालं, दुकानावर लाकडाची वखार झाली, वखारीवर हा कारखाना.

लढाईत गेलेल्या जवानांच्या घरच्यांसाठी साताऱ्याच्या माळावर घरं उभारायचं काम आलं, तेव्हा त्या कामावरच्या साहेबांनी नकाशा उलगडून नीट सांगितलं होतं. लाकडी तक्ते सांगलीत करायचे, तिकडे पाठवायचे; तयार जोत्यावर दहा तक्ते शेजारी शेजारी उभे केले की लांबीची एक भिंत पुरी. तक्ता चार फूट रुंदीचा. एखादं सूत कमी भरला तर चालेल, फटीवर पट्टी मारता येते. जास्त मात्र नको. मी मान डोलावली. पण 'कमी चालेल' हे मापाड्याच्या कानाला कसं रुचावं? उद्या कुणी फीत लावून म्हणेल, नानासोनं सूतभर चोरलं, तेही विधवांच्या घरात! मी सुतारांना हळूच सांगितलं, "दर तक्त्याला सूतभर वर राहू द्या रं. लाकूड आपलंच हाय." दहा तक्त्यांचं दहा सूत, म्हणजे सव्वा इंच झालं. पायलीवरची शीग पोत्यात मुरते, गड्या. भिंतीची शीग कुठं मुरणार?

माळावर जोती आखून तक्ते उभे करायचं काम तुझ्याकडं होतं. तू पहिल्याच घराला ओळखलंस. नऊ तक्ते बसले, दहावा कोपऱ्याच्या खांबाला अडला. तू मला फीत लावून दाखवलंस आणि हसत म्हणालास, "नाना, तुझा तक्ता लय उदार हाय, पर घराला तेवढी जागा न्हाई." मीही हसलो. म्हणालो, "रंधा मार की रं, पलटणीत हात मऊ पडलं व्हय?" आणि सांगलीला परतून सुतारांना अवाक्षर बोललो नाही. तू दर घराचा दहावा तक्ता रंधत राहिलास. रंधून रंधून त्याच्या कडेची, खांबाला धरून बसणारी खाच गेली, कोपऱ्यातून वारा शिरायला लागला. तुझ्या गेलेल्या भावाची बायको बनुबाई त्याच माळावर तंबूत घराची वाट बघत होती. ती म्हणाली, "भाऊजी, ह्या कोपऱ्यातनं तर शेळीबी आत डोकावंल." तेव्हाही तू माझं नाव घेतलं नाहीस.

मग साहेब पाहणीला आले. मी लॉरीमागं नव्या तक्त्यांची दोरी सोडत होतो. कोपऱ्यातली फट बघून साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? आणि तू म्हणालास, "साहेब, जोतं आखताना दोरी मी धरली हुती. माझीच चुकली." माझं काम जाईल, सुतारांच्या चुली विझतील, म्हणून तू ते अंगावर घेतलंस. लॉरीमागं मला एकेक अक्षर ऐकू आलं. मी पुढं आलो नाही. आलो तो चहाच्या वेळेला. साहेब म्हणाले, "पलटणीतला हवालदार, आणि साधी दोरी धरता येत नाही!" मी मान हलवली, मानसिंग. होय म्हणून हलवली. वर बघतो तर माझ्यापुढं चहाचा कप धरून तू उभा होतास. त्याच संध्याकाळी तुला कामावरून काढलं.

परवा कराडच्या मोटार स्टँडवर होतो. तुझ्याच गावचे, पाटणकडचे दोघे माझ्यामागं बोलत होते. "आपला हवालदार रं! जर्मनाला पळवला म्हनतोय, आन जोतं धरलं वाकडं. आकारामाचा गोठा बांधतो म्हनला, तर आकाराम म्हनतोय, नगं बाबा, म्हशी तिरक्या हुबं ऱ्हातील." दोघे पोट धरून हसले. माझ्या कानांचा मला फार अभिमान, कुजबूजही सुटत नाही म्हणून. त्या घडीला वाटलं, बहिरा असतो तर बरं होतं.

तिथूनच मी साताऱ्याची मोटार धरली आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तुझं जोतं मोजलं, नकाशाबरहुकूम निघालं. मला ते जे बोलले ते मला साजेसंच होतं. सगळे तक्ते मी नव्यानं करून द्यायचे आहेत आणि तुला कामावर बोलावलंय. तसं त्यांचं पत्र तुला येईलच. पण मी तुला ओळखतो, ते तू घडी घालून ट्रंकेत ठेवशील आणि गाव हसतच राहील.

म्हणून हे वेगळं पत्र. येत्या बाजारादिवशी मी तुझ्या गावी येतोय. चावडीपुढं, आकाराम आणि बाकीची मंडळी बसलेली असताना, हे मोठ्यानं वाच. मला वाचायला लावू नकोस. मी वाचलं तर माझ्या बाजूनं चार दाणे वर टाकीन, खोड जात नाही. मी सगळ्यांदेखत समोर बसून ऐकेन. तुझीही खोड मला ठाऊक आहे, मला सांभाळून घ्यायची. तेव्हा लिहिलंय तसं वाच. मी मान हलवली ते वाक्य येईल, तिथं आवाज बारीक करू नकोस, आणि गाळू तर मुळीच नकोस.

तुझाच,
नानासो