उभ्याने खाल्लेलं धरत नाही

३ जून, सोमवार
प्रार्थना मंडळात आज तासभराचं मौन होतं. मी नेहमीसारखी पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी. अठराव्या मिनिटाला मला ढेकर आला. मोठा होता, नाकारत नाही. मौन संपल्याची खूण समजून सगळे उठले आणि चपला शोधू लागले. मंडळाच्या ताईंनी एकेकाला दारातून परत आणलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोट शांत होईपर्यंत तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर बसत जा. एकवीस वर्षं सांभाळलेली जागा! छातीत जळजळ. अपमानाची की पोटाची, कळेना.

४ जून
डॉक्टरीणबाईंकडे. वयाने लहान, पण ऐकून घेते. म्हणाली, पोटातलं आम्ल वर येतं. थोडं थोडं खा, जेवल्यावर तीन तास आडवं होऊ नका, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा, चहा कमी. आणि दोन आठवडे काय खाल्लं, केव्हा जळजळलं, ते लिहून आणा. मी नुसती हसले. मॅट्रिकला माझी वही नमुना म्हणून वर्गभर फिरवली होती.

५ जून
वही सुरू. सकाळी पाव एक. दुपारी भात एक वाटी. रात्री सूप एक वाटी. बस.
नातीच्या ताटलीतला बटाटा, यांनी टाकलेला भात आणि पातेल्यातलं तळाचं सूप लिहिलं नाही. ते जेवण नव्हे. जेवण म्हणजे बसून, प्रार्थना म्हणून खाल्लेलं. ओट्याशी उभ्याने संपवतो ते आवरणं. भांडी घासली तर कुणी आहारात लिहितं का? देवासमोर खोटं लिहायचं नाही, एवढं पथ्य मी जन्मभर पाळलं आहे.

८ जून
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली काल जुन्या हिशेबाच्या वह्या लावल्या. विटा कशाला आणायच्या? सकाळी उठले तर आम्ही दोघंही पायथ्याशी आणि हे माझ्याखाली. म्हणाले, आम्ल तुझं वर येतंय, मी का खाली जाऊ? वजन यांचंच जास्त आहे, दुसरं काही नाही.

११ जून
चहा सोडला. पूर्ण. किटलीत उरतो तेवढाच. तरी जळजळ वाढली. कारण सापडलं: सूनबाई जास्त रांधते. मोजून करत जा, असं गोडीत सांगितलं. म्हणाली, आई, मोजूनच करते, पण पोरीने चमचा खाली ठेवायच्या आत तुमचा हात तिच्या ताटलीत असतो, तिने खायचं कधी? तशी गुणी आहे. बोलते फार.

१८ जून
डॉक्टरीणबाईने वही दोनदा वाचली. म्हणाली, मावशी, इतकं बेताचं जेवणाऱ्या माणसाला जळजळ व्हायलाच नको. मला धन्य वाटलं. पुढे म्हणाली, म्हणजे कारण दुसरं असणार, घशातून कॅमेऱ्याची नळी घालून बघू. धन्यता संपली.
घरी येताना हे म्हणाले, उभ्याउभ्याचं सांगून टाक, नळी टळेल. मी विचारलं, काय उभ्याउभ्याचं?
नळी झालेली बरीच. रिपोर्ट स्वच्छ आला की ताईंपुढे ठेवीन आणि जागा परत मागेन.

२५ जून, सकाळी ८
अकरा वाजता नळी. काल रात्रीपासून कडक उपास. जळजळ नावाला नाही. देवाची कृपा. नात घाईत ताटलीत मटार टाकून शाळेला गेली. ओटा आवरला.

२५ जून, दुपारी ३
‘रात्रीपासून काही खाल्लेले नाही’ या ओळीखाली सही केली. अक्षर छान आलं. नळी गेली. पडद्यावर माझं पोट. थोडं लालसर, पण नीटनेटकं. मधोमध तीन मटार. अख्खे. उभ्याने कोण चावत बसतं?
डॉक्टरीणबाईने नळी लगेच बाहेर काढली. म्हणाली, मावशी, असं खाऊन येतात का, श्वासनलिकेत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. घसा बधिर होता, त्यामुळे उत्तर देण्याची वेळ आली नाही. तिने यांना आत बोलावून फोटो दाखवला. हे चष्मा लावून नीट बघून म्हणाले, आमच्याच घरचे आहेत.

२६ जून, सकाळ
डॉक्टरीणबाईचा हुकूम: उभ्याने खाल्लेलंसुद्धा लिहायचं, मग नळीचं बघू. सूनबाईने माझ्या वहीत पट्टीने नवा रकाना आखला: ‘उभ्याने’. फोटो फ्रिजवर लावला. तो ताईंना दाखवण्यासारखा नाही. दाराजवळच्या खुर्चीसाठी जुन्या चादरीची उशी शिवायला घेतली.

२६ जून, रात्री ९
दिवसभर रकाना कोरा ठेवला. रात्री वाटीभर मटार उरले. कुणी हात लावेना. सगळे माझ्याकडे बघत बसले. मी खुर्ची ओढली, बसले, प्रार्थना म्हटली आणि खाल्ले. दुपारचा भातही होता, तोही बसूनच.
रकाना अजून कोरा आहे.
जळजळ: आहे.